ब्लेड कोण वापरतं ते कळलं

अहो,

तेजूला घेऊन नेरूळच्या डॉक्टरीणबाईंकडे जातेय. आमटी तेवढी गरम करून घ्या. उशीर झाला तर खालच्या पाटलांच्या फोनवर कळवीन.

दिवाळीपासून पोरगी बाजूला बसलेली नाही. तुमच्या आई म्हणतात, ती लपवते आणि तशीच देवाला हात लावते. मला वेगळीच धास्ती होती. कुणा पोराच्या नादानं तोंड काळं केलं की काय? म्हणून तिचं दप्तर उलटंपालटं करत होते, क्लासला जुईनगरपर्यंत तिच्या मागे जात होते. पोरगा काही दिसला नाही. तरी वाटायचं, ही माझ्याहून हुशार आहे.

आज बाथरूमची कडी नीट लागली नव्हती. आत ही आरशासमोर, हनुवटीला साबण आणि हातात तुमचा रेझर! कुलदीपभाऊजी तुमचं ब्लेड चोरून वापरतात म्हणून तुम्ही त्यांच्याशी अबोला धरलात ना? तो आजच सोडा.

वरच्या सुनयनाताई नर्स आहेत ना, त्यांना विचारलं. म्हणाल्या, पाळी थांबते, अंग सुटतं, तोंडावर केस येतात, हार्मोन बिघडले की या वयात होतं असं, पण औषध आहे. मला तर त्यांचाही संशय आला, पोरीला पाठीशी घालतात म्हणून. पण अहो, पोराच्या नादानं पोरीला दाढी येत नाही, एवढं मलाही कळतं.

आलो की तिच्या हनुवटीकडे बघू नका. ती मला म्हणाली, "आई, दप्तर रोज बघत होतीस. माझं तोंड एकदा तरी बघितलंस का?"

सत्यभामा