कच्च्या टाक्यांचे बंद

३ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण दुकान चालू लागलंय. कात्री गुंडाळून तुझ्याकडे यायचं ठरलं होतं. पण टेकडीखाली हृदयाचं ते मोठं रुग्णालय सुरू झालं आणि गावाचा नूरच पालटला. लांबलांबून लोक येतात, दोन-दोन आठवडे राहतात. फोटोवाल्याने वरच्या खोल्या भाड्याने दिल्यात, चपलांचा दुकानदार मऊ सपाता ठेवतो. मी पुढून बंद बांधायचे सैल सदरे शिवतो. छातीला टाके असले की हात वर करून कपडा घालता येत नाही.

आता माझा गोंधळ. सकाळी दुकान उघडताना हात जोडतो, तेव्हा गिऱ्हाईक मागू की नको? मागितलं तर कुणाचं तरी दुखणं मागितल्यासारखं होतं. बाबा म्हणायचे, परत येतं ते खरं गिऱ्हाईक. इथे सदरा नेला की पुन्हा कुणी तोंड दाखवत नाही. हे चांगलं की वाईट, तेच उमगत नाही.

लोभ आहे तो उसवू नये.

तुझा,
बटण

१२ जून

चि. बटण यास अ. उ. आ.

दुकान चालत नव्हतं तेव्हा रडत होतास, चाललं तरी रडतोस. तुझं म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

माझ्या शेजारणीला तुमच्या त्या रुग्णालयातच ऑपरेशन करायला सांगितलंय. ती अजून हो म्हणत नाही. तिच्यासाठी एक सदरा शिवून ठेव, मापं पाठीमागे लिहिली आहेत. आणि ती परत न येणारी माणसं बरी होऊनच गेली ना? शेजारीण सारखी विचारते. तिला काय सांगू, मला समजत नाही.

उत्तर लगेच धाड, माया आहेच.

तुझी,
ताई

१९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

मापं वाचून चक्रावलो. आधी वाटलं, घाईत तू स्वतःचीच लिहिलीस. उजवा खांदा अर्धा इंच खाली. लहानपणी झोक्यावरून मीच तुला पाडलं, तेव्हापासून तुझा खांदा तसा आहे. मग वहीतली तुझी जुनी मापं काढून ताडून पाहिली, तंतोतंत जुळली. ताई, भावापासून दुखणं लपवायचं आणि मापं त्यालाच पाठवायची? राग आला, आणि फार भीतीही वाटली.

तू विचारलंस, ती माणसं बरी होऊनच गेली का. परवा एक बाई दुकानात आल्या, मी ओळखलंच नाही. थंडीत नेलेला सदरा पिशवीतून काढून म्हणाल्या की बंद काढून साधी बटणं लावा, रोज घालायला होईल. तपासणीला आल्या होत्या. काल एक मास्तर तेच काम देऊन गेले. सगळेच येतात असं नाही, तुला खोटं लिहिणार नाही. पण येतात.

तेव्हा तुझ्या त्या शेजारणीला सांग, माझ्या खोलीत राहायचं, मी दुकानात झोपेन. सकाळी हात जोडून काय मागायचं, ते आता मला नीट कळलंय.

सदरा शिवून झाला. बाकी शिवण पक्की घातली, बंद मात्र कच्च्या टाक्यांवर ठेवलेत. ते मलाच उसवायचे आहेत.

लोभ घेऊन ये.

तुझा,
बटण