जांभळाखालची पानं

१४ नोव्हें.
जांभूळ आणखी पिवळं. खालची पानं आधी, आता मधली. कीड नाही, पाणी कमी नाही. ह्यांची रक्षा नदीत न सोडता रानाच्या वरच्या कडेला पुरली, वर हे झाड लावलं, त्याला तीन वर्षं झाली. शेणखत घालते म्हटलं तर धाकटे दीर नको म्हणतात. रक्षेची जागा.
हे झाड मी जाऊ देणार नाही.

१७ नोव्हें.
वरच्या खोलीत राजश्री (पुढे रा.) भाड्याने राहते, सांगलीकडची. जंगलातल्या मातीतून मुळं किती अन्न ओढतात, त्याचं गणित कॉम्प्युटरवर मांडते. पाऊस, माती, गळलेली पानं, मुळांची लांबी, सगळं त्यात भरायचं. तिचं इंग्रजी पुस्तक मी डिक्शनरी घेऊन वाचते आहे. हळू, पण समजतं. अन्न बारीक मुळं ओढतात, जाड मुळं नुसती वाहून नेतात.
म्हटलं, माझं जांभूळ घाल की त्यात.
"घालते, काकू. पण उत्तर उलटं आलं तर जेवायला वाढाल ना?"

२५ नोव्हें.
उलटंच आलं. वरच्या जंगलातल्या झाडांचं जुळतं. जांभूळ मात्र गणितात हिरवं. रा.ने पुन्हा तपासलं, तेच. मग जेवताना भाकरी मोडता मोडता थांबली.
"काकू, त्याची पडलेली पानं जातात कुठं?"
झाडते. रोज सकाळी. गोळा करून पेटवते. देवासारखी जागा, कचरा कसा ठेवणार?
"मग त्याचं जेवण तुम्हीच उचलताय. मी पानं धरली होती गणितात."
राखेत नत्र उरत नाही, जळताना उडून जातं. ते पानं कुजून मिळायचं.
नंतर तिनेच मला वाढलं.

२६ नोव्हें.
झाडलं नाही. झाडता झाडता ह्यांच्याशी बोलणं व्हायचं. आज नुसती उभी राहून बोलले. चालतं तसंही.

२ फेब्रु.
जाऊबाई आली.
"आक्का, भावजींच्या जागंचा उकिरडा केलाय व्हय? लोकं काय म्हणत्याल?"
म्हणू देत. पानं कुजायला वेळ लागतो.
"ती पोरगी सांगती अन् तुमी ऐकता. लय शिकलासा!"
शिकले खरी.

६ मे
ह्यांची तिथी. दीर खराटा घेऊनच आले. "वैनी, आजच्या दिवस तरी."
आजही नाही म्हटलं. मध्ये उभी राहिले. मग नैवेद्याचं पान पाचोळ्यावरच ठेवलं त्यांनी.
जाताना म्हणाले, "दसऱ्यापतुर बघतो. न्हाई सुधारलं तर झाड काढून चौथरा बांधायचा."
बरं म्हटलं. शब्द दिला. झाडावर माझा भरवसा आहे.

११ ऑगस्ट
रा. गणित लिहून काढायला पुण्याला गेली. जांभळाच्या शेंड्याला चार तांबूस कोवळी पानं. बाकीचं पिवळंच. चार पानांवर दीर ऐकायचे नाहीत.
पाऊस उघडल्यावर पाचोळ्याचा वरचा थर उचलून पाहिला. खाली काळी भुसभुशीत माती, आणि केसासारखी पांढरी मुळं, कुजक्या पानाला घट्ट चिकटलेली. जांभळाची की गवताची, कळेना. फोटो काढून रा.ला पाठवला. रेंज नाही, जाईना.
पानं होती तशी परत पांघरली. दसऱ्याला अजून अवकाश आहे.