खालची हाक

विजापूर नाका, सोलापूर
माघ, १९७५

प्रिय अजीजा,

हे पत्र एकटीनं वाच. भावजयीच्या हाती देऊ नकोस, शेजारपाजाऱ्यांकडून तर मुळीच वाचून घेऊ नकोस. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. जोडाक्षर अडलं तर थांब, पुन्हा बघ, पण तूच वाच. दुष्काळी कामावर खडी फोडायचो तेव्हा दुपारच्या सुट्टीत सपाट दगडावर कोळशानं मी तुला अक्षरं गिरवायला लावायची आणि तू वैतागून म्हणायचीस, "विजू, मला काय उपेग ह्याचा? मला कोण पत्र लिवनार हाय?" घे, मी लिहिते आहे.

तू अक्कलकोटला भावाकडं गेलीस त्याला वर्ष होत आलं. शेखलालभाऊंचा चाळिसावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू गाठोडं घेऊन निघालीस. आमच्या दारावरून गेलीस, पण मान वर केली नाहीस. मी उंबऱ्यातच उभी होते. खरं सांगते, मला तेव्हा तुझा फार राग आला. एका चुलीवर आळीपाळीनं भाकऱ्या भाजलेल्या आपण, आणि तू साधं "येते" म्हणाली नाहीस! वाड्यातल्या बायका मात्र तुझ्याच बाजूनं बोलल्या. हिंदुरावाच्या कुऱ्हाडीखाली तिचा नवरा गेला, ती कशाला त्याच्या दाराकडं बघेल?

पण तुझ्या-माझ्या रुसव्याचं नंतर. आधी यांचं सांगते, कारण यांचं काही खरं नाही. झाडावर चढतात, फांदीला घाव घालतात, आणि शेवटचा घाव उरला की हात वरच्या वर राहतो. खालून कोणी कितीही ओरडो, हे नुसते कान देऊन बसतात, पलीकडून कोणी बोलावल्यासारखे. एकदा तर उलटंच झालं. खाली दोन बायका पाला गोळा करत होत्या, हाक कोणीच दिली नव्हती, आणि हे एकदम ओरडले, "आली, आली!" बायका पळाल्या. फांदी सुटली नाही हे नशीब. असंच चाललं तर एक दिवस हे कुणाचा तरी जीव घेतील नाहीतर स्वतः खाली येतील. मी रोज संध्याकाळी नाक्यावरून सायकलचा आवाज येईपर्यंत दारातून हलत नाही.

घरातही तेच. परवा जेवताना शेजारच्या चन्नम्मानं पोराला हाक मारली तर यांचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, जेवा की. तर म्हणाले, "गप, ऐकू दे." काय ऐकायचं होतं त्यांना? लोकांनी सांगितलं म्हणून देवऋषीकडं नेलं, लिंबू उतरलं, अंगारा लावला. हे निमूट बसले आणि परत येताना वाटेत मला म्हणाले, "त्याला काय कळतंय? लिंबं फुकट घालवली." तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं, माणूस अजून शाबूत आहे म्हणून.

मुकादम चनमल्लप्पा म्हणतो, ज्या चिंचेखाली भाऊ गेले तिनंच धरलंय हिंदुरावला. आदल्या संध्याकाळी झाडाला सांगितलं नसेल. आता तूच सांग, ते कधी चुकलं होतं का? हे हळद-कुंकू लावून बुंध्यावर हात ठेवायचे आणि शेखलालभाऊ उदबत्ती खोचून म्हणायचे, "झाडबाबा, कल हमें आते, पाखरां कू बोल देव." आणि हे विचारायचे, झाडाला तुझी भाषा कळती का रं? तर भाऊ म्हणायचे, तुझी कळती, मग माझी का न्हाय कळनार? त्या चिंचेलाही सांगितलंच होतं. मी तिथं होते. दोघांचं हसणं अजून कानात आहे.

त्या दोघांचं काम तू आणि मी जेवढं पाहिलं तेवढं कोणी पाहिलं नसेल. हे वर, भाऊ खाली. वरच्याला पानांतून खालचं दिसत नाही, म्हणून सगळा भरवसा खालच्याच्या हाकेवर. वरून "सोडू?" आलं की खालच्यानं चारी बाजू बघायच्या, माणूस नाही, शेरडू नाही, मग "येऊ दे!" म्हणायचं. ती हाक आल्याशिवाय वरच्यानं शेवटचा घाव घालायचा नाही, आणि ती आल्यावर थांबायचंही नाही, अर्धवट तुटलेली फांदी वरच्यालाच घेऊन जाते. एवढा एकच नियम. आणि लोक म्हणतात तोच यांनी मोडला, हाकेची वाट न बघता घाव घातला. मुकादमानं विचारलं तेव्हा हे म्हणाले, हाक आली म्हणून घातला. कुणाची आली? तर कुऱ्हाड पुसत म्हणाले, शेखलालचीच. पलीकडं फांद्या ओढणारे गडी म्हणाले, आम्ही तर काही ऐकलं नाही. त्यांना काय ऐकू येणार, रस्त्यावरून खडीच्या ट्रका चाललेल्या! पण डाग लागला तो लागला. आता यांच्या खाली उभं राहायला कोणी गडी तयार होत नाही.

तुला आठवतं, दुष्काळात भाऊंना हिवताप आला होता तेव्हा तू खाली उभी राहायचीस? शेरडांसाठी कडुलिंबाचा पाला काढायचं काम होतं. पहिल्या दिवशी गडी हसले, बाई काय हाक देणार म्हणून. तू पदर खोचलास आणि अशी हाक दिलीस की कालव्यावरच्या बायका वळून बघायला लागल्या. "येऊ द्या, भाई!" हे खाली उतरून म्हणाले होते, शेखलालपेक्षा हिची हाक वर नीट पोचती. भाऊ बरे झाल्यावरही तू भाकरी घेऊन आलीस की अधनंमधनं तूच हाक द्यायचीस, आणि भाऊ बिडी ओढत बसायचे. मी चिडवायची, मजुरी तुझी की त्यांची?

आता गेल्या आठवड्यातलं सांगते. मुकादम म्हणाला, खालचा माणूस आण नाहीतर कामावर येऊ नकोस. मंद्रूपच्या वाटेवर रस्ता रुंद करताहेत, तिथं एक जुना लिंब पाडायचा होता. गडी मिळेना, तर मीच गेले. हसू नकोस. मुकादमानं तोंड वाकडं केलं, मी म्हटलं, तुमचा गडी दाखवा, मी घरी जाते. हे वर चढले. घाव घालत गेले, ढलप्या खाली पडत होत्या. मग वरून आलं, "सोडू?" मी नीट बघितलं, खाली चिटपाखरू नव्हतं. हाक दिली. काही नाही. पुन्हा दिली. घसा फुटेस्तोवर ओरडले, तर हे कुऱ्हाड उगारून तसेच बसलेले. लिंब हलत नव्हता, हेही हलत नव्हते. मला वाटलं, आता हा माणूस वरून खाली येत नाही. मग ती फांदी तशीच दोरानं बांधून हळूहळू उतरले आणि बुंध्याशी बसले.

मला म्हणाले, "तू हाक दिलीस का?" मी म्हटलं, दिली की, तीनदा दिली. तर म्हणाले, "मला तुजी न्हाय आली, विजू. मला आजून अजीजाचीच येती."

अजीजा, तोवर मला वाटत होतं की हे शेखलालभाऊंचा आवाज ऐकतात. मी मेलेल्या माणसाला भीत होते. भाऊंच्या नावानं पिराला नारळही वाढवून आले होते. आणि यांच्या कानात तर तू होतीस, अक्कलकोटला जिवंत असलेली तू.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी हाक तूच दिली होतीस. तुला हे माहीत आहे आणि यांना माहीत आहे, तिसऱ्या कुणाला नाही. मी विचारलं, मग इतके दिवस तोंड का शिवून बसलात? लोकांचे बोल खाल्ले, काम जायची वेळ आली, गडी तुटले. तर म्हणाले, "लोकांनी काय म्हटलं आस्तं? बाईनं हाक मारून नवरा घालवला. तिला जगू दिलं आस्तं का कुनी? मी गडी मानूस, माज्या अंगावर डाग पडला तर पडू दे." मी तिथंच पाल्यात बसून रडले.

आणि तेव्हा मला तुझं ते खाली मान घालून जाणं कळलं. मी वर्षभर त्याला राग समजले. पण तू रागावलीस तर गप्प बसणारी आहेस का? वांग्याच्या एका देठावरून माझ्याशी दिवसभर भांडलेली तू! राग असता तर दारात उभी राहून आमच्या सात पिढ्या काढल्या असत्यास. तू मान वर केली नाहीस ती आम्हाला तोंड दाखवायची तुझी छाती झाली नाही म्हणून. यांना वाटलं, तू यांना दोष देतेस. तुला वाटलं, हे तुला दोष देतात. आणि मधे मी, दोघांच्या दोन्ही गोष्टी न कळलेली. गेल्या आठवड्यापासून भाकरी थापताना मलाही तुझी हाक येते. मी दाराकडं बघते. दारात कोणी नसतं.

चारचौघांत तुझं नाव निघू नये म्हणून मी तिकडं आले नाही, पत्र लिहिलं. मला तुला एकच गोष्ट सांगायची होती, जी खाली उभं राहून तुला कधीच दिसली नसती. त्या दिवशी हाक बाईची आली म्हणून यांनी पानं बाजूला सारून खाली बघितलं होतं. भाऊ फांदीच्या पार बाहेर, रस्त्याच्या कडेला, तुझ्याजवळ उभे होते. तांब्या तोंडाला लावलेला, आणि हातानं तुलाच म्हणत होते, तू दे हाक. तू चारी बाजू बघितल्यास, मग दिलीस. यांनी घाव घातला, फांदी कलली, आणि तेव्हा तिकडं शेरडं चारणाऱ्या चंद्रव्वाचं करडू पाल्यासाठी खाली घुसलं. तू शिदोरी सोडायला वाकलेली होतीस. भाऊ तांब्या टाकून करडामागं धावले. हे वरून ओरडले, पण ट्रकांच्या आवाजात ते खाली पोचलं नाही, आणि फांदी भाऊंवरच आली. तू बघितलं नाहीस, तू घाई केलीस, असं जे तू वर्षभर स्वतःला सांगत असशील ना, ते खोटं आहे, अजीजा. परत ये म्हणणार नाही, ते तुझ्या मनावर. आत्ता हे समोरच बसलेत, कुऱ्हाडीला धार लावायचं सोंग करतात, पण लक्ष माझ्या टाकाकडं. मी विचारलं, तुमच्याकडून काय लिहू? बराच वेळ धार लावत राहिले. मग म्हणाले, "येवढंच लिव. हाक बरोबर व्हती."

तुझीच,
विजू