भोपळ्याला पहिली सुरी

टोरांटो

अहो,

मी मजेत आहे. तुम्ही खालापुरात वडापाव खाता आणि मला फोनवर वरण-भात सांगता, हे आवाजावरून कळतं.

काल सूनबाईंनी लाल भोपळ्याचा मिल्कशेक केला. शिजवलेला गर, दूध, वर दालचिनी-जायफळ. मी आधी नुसता वास घेतला. दाट, चांगला होता.

खटकलं ते वेगळंच. पोटुशीने अख्खा भोपळा चिरू नये म्हटलं की प्रणिता हसायची, स्वतःच फोडायची. काल मात्र अनुपमला ऑफिसच्या कॉलवरून उठवून पहिली सुरी लावायला लावली.

मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

बोहारणीसाठी काढलेल्या माझ्या जुन्या सुती साड्या तेवढ्या देऊ नका. दुपट्यांना मऊच लागतात.

गोळ्या खरंच घेत असाल तर तुमचीच,
मालती