थांबवलेली ओळ

३ तारीख, सोमवार
लागले एकदाची नोकरीला! सकाळी बॅग घेऊन दादाकडे राहायला आले. त्याने ही कोरी रोजनिशी हातात ठेवली आणि वर टोमणा मारला, की आठवडाभर लिहिलीस तर महिनाभर चहा मी करीन. बघच म्हणावं! मी घरूनच काम करणार, खिडकीजवळचं टेबल माझं. शेजारच्या खोलीत दादाचं शिवणयंत्र दिवसभर खडखडत असतं, पण चालेल. काम कारखान्यांच्या हजेरीच्या प्रोग्रामचं. कामगार आला की सर्व्हरवर त्याच्या नावापुढे 'हजर' पडतं. त्यातला बग, म्हणजे चूक, अशी की आलेला माणूस मध्येच 'गैरहजर' होतो. साहेब म्हणाले, ऑफिसच्या मशीनवर तुझ्यासाठी प्रोग्रामची वेगळी नक्कल ठेवलीय, तिथे हवी तेवढी मोडतोड कर, कुणाचं काही बिघडणार नाही. भला माणूस वाटला.

४ तारीख, मंगळवार
चाचणीला एक कामगार हवा होता. दादाचंच नाव घातलं, जन्मतारखेसकट. हुद्दा: आळशी. त्याला दाखवलं तर पगार विचारायला लागला.

संशय असलेल्या ओळीवर लाल खूण करायची. प्रोग्राम तिथे येऊन थांबतो, आतलं सगळं बघायचं, मग पुढे सोडायचा. खूण केली की मेला शहाण्यासारखा चालतो, काढली की दादा 'गैरहजर'. दिवसभर हेच. डोक्याचा पार भुगा झाला. त्यात दादाला हाका मारल्या तर ओ नाही. घरभर शोधलं, दाराला आतून कडी. थोड्या वेळाने बघते तर हा यंत्रापाशी बसून शिवतोय. म्हणे मी कुठे गेलोय? माझा पारा चढला, नाही ते बोलले त्याला.

६ तारीख, गुरुवार
साहेबांना फोन केला. म्हणे माझ्याकडे तर चालतंय. चालतंय तर या आणि दाखवा ना! लॅपटॉप खिडकीतून भिरकावावासा वाटला.

आणि दादाचा चावटपणा वेगळाच. माझा प्रोग्राम थांबला की याचं यंत्र थांबतं. मी सोडला की खडखड सुरू. मस्करी पुरे म्हणून ओरडले, तर त्याने माझ्या गळ्याची शपथ घेतली, की तो सकाळपासून थांबलाच नव्हता. दादा खोटी शपथ घेत नाही.

७ तारीख, शुक्रवार
प्रोग्राम थांबवून बघायला गेले.

दादा जांभई देत होता. तोंड उघडं. पाय पायट्यावर. सुई कापडात. गदागदा हलवला. हाका मारल्या. पापणीसुद्धा लवली नाही. धावत येऊन प्रोग्राम सोडला. त्याने जांभई पुरी केली आणि मला विचारलं, रडायला काय झालं?

८ तारीख, शनिवार
नाव पुसून टाकू? आणि तोच पुसला गेला तर? नाही. हात लावणार नाही.

पण नक्कल आपली आपण चालूच असते. त्याला 'गैरहजर' करते, आणि तो नसतो. आज दादा खूप वेळ नव्हता. दरवेळी जास्त. बग काढायलाच हवा. काढायचा तर थांबवायलाच हवा. दादाला सांगितलं. हसला. तुला झोपेची गरज आहे म्हणाला.

१० तारीख, सोमवार
सापडला! एवढीशी चूक. एकच तुलना उलटी लिहिलेली. ती सुलटी केली. आता एकदाच थांबवून खात्री करते, मग दादा सुटला—

पुढे जात नाही.

बटण दाबतेय. काही नाही. यंत्र गप्प. दादा दारात, एक पाय उचललेला—

साहेबांना फोन केला. म्हणाले, अडकलंय, रीस्टार्ट मार. नको म्हटलं. रीस्टार्टने चाचणीची सगळी नावं पुसली जातात. मग पुसली जाऊ देत की, खोटीच तर आहेत, म्हणाले. माझा भाऊ आहे त्यात, ओरडले मी. पाया पडते म्हटलं. ते हसले. मग गंभीर झाले. सुट्टी घे म्हणाले. मीच इथून करतो म्हणाले. फोन ठेवला—

उचलत नाहीत. उचला ना हो—

दादापाशी बसलेय. डाव्या हाताने त्याचा हात धरलाय. ऊब आहे अजून. सोडणार नाही. घट्ट धरलाय. घट्ट. माझी मूठ रिकामीच मिट—