सकाळी सहा ते सात

६ जानेवारी, मंगळवार
प्रा. आली. (प्राची पूर्ण लिहायला बोट दुखतं, म्हणून प्रा.) दोन मोठ्या बॅगा, त्यातली एक नुसत्या रॅकेटींची. उजवा हात गळ्यात बांधलेला. चार महिने राहणार. चार महिने! लग्न झालेल्या पोरी माहेराला एवढ्या राहत नाहीत, आणि माझी नात तर सतरा वर्षांची झाली तेव्हापासून विमानातच. आता चौतीस. म्हणाली, 'खांद्याला चार महिने आराम दिला तर अजून दोन वर्षं खेळेन, आजी.' मी म्हटलं, खेळ. तोंडाने म्हटलं. मनात म्हटलं, ओले बोंबील कालच आणून ठेवायला हवे होते.
ही वही तिचीच. डॉक्टरने तिला रोजचं दुखणं लिहायला सांगितलंय, दहापैकी किती. तिने दोन वह्या आणल्या. 'तू पण लिही.' माझी शाळा दुसरीपर्यंत, पण अक्षर बरं आहे असं गुरुजी म्हणायचे. मग पुढे कोणी बघितलंच नाही.
दुखणं आज ०.

८ जानेवारी, गुरुवार
खांद्याला तिळाचं तेल कोमट करून चोळायला घेतलं तर हात धरला माझा. 'बाहेरचं काही नको, आजी. लघवी तपासतात.' काढा पण नको. हळद चालते म्हणाली, हसत. तपासणीवाले कुठेही, कधीही येतात म्हणे. सगळ्या खेळाडूंकडे येतात, औषधं घेऊन खेळतात का बघायला. प्रा.ने तीन महिने आधीच लिहून दिलंय, सकाळी सहा ते सात मी पनवेलला आजीच्या घरी. त्या तासाला घरात सापडलंच पाहिजे.
'पण आता तू खेळत कुठे आहेस?'
'परत खेळायचं असेल तर हे चालूच ठेवायचं. वर्षात तीनदा सापडले नाही की बंदी. दोनदा झालंय. एकदा विमान चुकलं, एकदा हॉटेल बदललं ते कळवायचं राहिलं.'
'बंदी किती दिवस?'
'दिवस नाही गं. वर्ष, दोन वर्षं. या वयात म्हणजे संपलंच.'
दार वाजलं की लगेच मला उठव, म्हणाली. मी विचारलं, कसे दिसतात ते? म्हणाली, तुझ्यामाझ्यासारखे. मला आपलं डोळ्यांपुढे जीप आणि पांढरे कोटच येतात.
रोज उठली की पहिलं तेच विचारते, कोणी आलं होतं का.

११ जानेवारी, रविवार
पोपटी लावली मागच्या अंगणात. शेजारच्या हमीदाभाभींनी भांबुर्डीचा पाला आणून दिला. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, सगळं मडक्यात त्या पाल्यावर. मडकं उलटं करून पेंढ्याने पेटवलं. प्रा. एका हाताने खात होती, शेंगा दाताने सोलत होती. अगदी सुरेश. माझा सुरेश एका कंपनीच्या कॉलनीत टेनिसच्या मैदानाला पाणी मारायचा, रोलर फिरवायचा. साहेबांची पोरं गेली की ही भिंतीवर बॉल मारायची. आई नव्हती, मग जाणार कुठे? बापामागे. सुरेशला जाऊन चार वर्षं झाली. रोलर ओढणाऱ्याची पोर टीव्हीवर दिसते हे त्याने बघितलं, तेवढं समाधान.
हमीदाभाभी म्हणतात, 'आजी, तुमच्या चेहऱ्यावर तर ईद हाय.' असेल. त्यांचा मुलगा इक्बाल चार वर्षं कुवेतला.
सकाळी एजंट आला होता. गव्हाणची जमीन सुरेशनंतर प्रा.च्या नावावर लागली, तेव्हापासून हे मागे लागलेत. म्हातारं माणूस सकाळी घरात सापडतं म्हणून सकाळीच येतात. स्वच्छ बूट, बॅग, 'आजी, प्राची मॅडम हायेत का, फक्त एक सही.' माझं उत्तर ठरलेलं. घरात कोण नाय.

१५ जानेवारी, गुरुवार
तिळगूळ झाला. प्रा. झोपत नाही. पहाटेपासून टीव्ही, आवाज बंद करून. तिकडे परदेशात मोठ्या स्पर्धेच्या मॅचेस चालू आहेत. दरवर्षी या दिवसांत तिथे असते. मला खेळातलं कळत नाही, मी बॉल बघतच नाही, पाय बघते. गेल्या वर्षी तिचे पाय बघूनच मला कळलं होतं की खांदा गेलाय, पाय हाताला सांभाळून घेत होते. आज एक पोरगी जिंकली, एकोणीस वर्षांची. प्रा. म्हणाली, 'हिने माझी सही घेतली होती. टोपीवर.'
तिला खेळ शिकवणारे सर रोज फोन करायचे. आठ दिवस झाले, नाही केला. फोन उताणा ठेवते, म्हणजे उजेड पडला तर दिसावा.
तिच्या वहीत आज सात. मी विचारलं, खांदा एवढा? ती म्हणाली, खांदा तीन.

२० जानेवारी, मंगळवार
पहाटे चार वाजता झोप लागली तिला. नवीन गोळी दिली आहे डॉक्टरने. फोन वाजून जाग येऊ नये म्हणून मी टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला.
सहाला एजंट. या वेळी जोडी, एक बाई, एक माणूस. 'प्राची मॅडम आहेत का?' मी म्हटलं घरात कोण नाय, मुंबईला गेली. जाईनात. ओट्यावर बसून राहिले. बाई सारखी फोन लावत होती. थंडी होती, चहा दिला. शत्रूला पण चहा द्यावा, सासूबाई सांगून गेल्या. ठोक्याला सात वाजता उठले. माझं नाव विचारून लिहून घेतलं. घ्या लिहून. सही तर नाही ना मिळाली.
दुपारी हमीदाभाभी कुंपणावरून, 'सकाळी कोण आलं होतं गो?'
'एजंट.'
'एजंट तासभर बसतो काय, आजी? त्यांना दहा घरं फिरायची असतात.'
प्रा. नऊला उठली. चांगली झोप लागली म्हणाली. कोणी आलं होतं का, आज विचारलं नाही. बोंबलाचं कालवण केलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

२३ जानेवारी, शुक्रवार
ते एजंट नव्हते.
मेल आला. प्रा.ने दोनदा वाचला, मग मला मराठीत सांगितला. तिसरी वेळ. सहा फेब्रुवारीपर्यंत लेखी कळवा, काय झालं. मग ते ठरवणार.
मी म्हटलं, 'बाय, मला वाटलं एजंट.'
'माहीत आहे, आजी.'
एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सुरेशने भांडी आपटली असती. ही उठली, माझा हात थोपटला, आत जाऊन दार लोटून घेतलं.
सरांचा फोन आला. आता आला. आजींचं लेखी घ्या, त्यांच्या स्वतःच्या हातचं, म्हणजे पटेल कदाचित. कदाचित म्हणाले.

२५ जानेवारी, रविवार
जेवण नाही. दिवसभर दोघी दोन खोल्यांत. ती यायच्या आधी मी एकटी होते तेव्हा टीव्ही तरी मोठ्याने लावायचे. आता घरात दोन माणसं आणि घड्याळाचा आवाज येतो.
हमीदाभाभी म्हणाल्या, 'आता झाली ना नात तुमचीच? बसवा घरात. माझा इक्बाल सुट्टीला आला तर पासपोर्ट चुलीत घालीन मी.'
'वेड्या हो तुम्ही.'
'अल्ला कसम, घालीन. मग शिव्या देऊ दे रोज. समोर बसून देईल ना?'
हसलो. घरात आले, भाकरी थापायला घेतली आणि थापता थापता आतून असं गोड वाटलं. दोन वर्षं बंदी म्हणजे दोन वर्षं दोन ताटं. मग हात धुतले. भाकरी तशीच राहिली परातीत.

२८ जानेवारी, बुधवार
आता मी साडेपाचपासून दारात बसते. ओट्यावरचा दिवा चालू, दोन खुर्च्या मांडून. परत आले तर बसायला. मेल झाला तरी अजून येऊ शकतात म्हणते ती, ठरेपर्यंत.
आज सहाला एक जण आला, बॅग हातात. मी विचारलंच नाही. 'या, या, हाय घरात!' आत आणला, बसवला, पाणी दिलं, प्रा.ला हलवलं, 'ऊठ बाय, आले!' ती केस मोकळे, अनवाणी, धावत बाहेर. त्याने बॅगेतून फाईल काढली. 'मॅडम, गव्हाणच्या जमिनीचं... फक्त एक सही.'
एवढी हसली, एवढी हसली. मी पण. तो बिचारा चहा न घेता गेला. मग माझं हसू थांबलं, तिचं थांबेना, आणि मग बघते तर ते हसू नव्हतं. डावा हात तोंडावर दाबून बसली होती.

१ फेब्रुवारी, रविवार
लेखी लिहायला बसले. चार कागद फाडले. 'माझी नात घरी होती. मी खोटं बोलले.' इथपर्यंत येतं. पुढे सरांनी सांगितलेलं, 'मला माहीत नव्हतं ते कोण आहेत.' तिथे पेन अडतं.
इथे लिहिते, इथे कोण वाचतंय.
त्या बाईच्या गळ्यात कार्ड होतं. एजंट कार्ड गळ्यात घालत नाहीत, खिशातून काढून देतात. माणसाकडे पेटी होती, बर्फाची असते तशी, पण लहान. चहा टाकायला आत गेले तेव्हा मनात आलं होतं, हे ते तर नसतील? आलं होतं. आतल्या खोलीत बघितलं. प्रा. तोंडावर चादर घेऊन, लहानपणी झोपायची तशी. दूध उतू जाईपर्यंत उभी होते. मग साखर जास्त घातली आणि चहा बाहेर नेला.
दुखणं. दहाच्या वर आकडा नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार
सांगितलं तिला. वाल सोलत होतो, तिचा आता उजवा हात थोडा चालतो. मी खाली मान घालून सगळं सांगितलं, कार्ड, पेटी, दूध.
तिने हातातला वाल सोलून टाकला. मग म्हणाली, 'चादरीखाली डोळे उघडे होते, आजी.'
मला कळेना.
'मी जागी होते. पहिल्यांदा कडी वाजली तेव्हाच. तू म्हणालीस, घरात कोण नाय. मला इतकं बरं वाटलं गं. सतरा वर्षं कोणी दार वाजवलं की मी उठतेय. म्हटलं, एक मिनिट पडून राहते, मग उठते. मग दुसरं मिनिट. असं करत सात वाजले.'
'मग आता?'
'आता काय.'
'खेळायचंय का तुला, बाय? खरं सांग.'
'सकाळी हो वाटतं. दुपारी नाही. रोज बदलतं.' वाल संपले तरी टोपलीत हात फिरवत होती. 'तुला मी राहायला हवी आहे ना?'
हो म्हणायचं होतं. मी म्हटलं, 'मला तू हसायला हवी हायस.' हे पण खोटं नाही. पण पूर्ण पण नाही.
संध्याकाळी मागच्या भिंतीवर डाव्या हाताने बॉल मारत बसली. ठप्प, ठप्प. हमीदाभाभी ओरडल्या, 'माझ्या पापडांवर बॉल आला तर बघ हां!' कितीतरी दिवसांनी घरातून आवाज येत होता.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
पाच पन्नास. दारामागे, आत बसून लिहिते आहे. दार लोटलेलं, कडी आतून लावली नाही.
कागद आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा. माझा भाग लिहून झाला. ती घरी होती, मी नाही म्हणाले, फोन मी लपवला, कार्ड मला दिसलं होतं. सर म्हणाले शेवटचं लिहू नका. लिहिलं. खाली जागा सोडली आहे. ती म्हणाली, खालचं मी भरीन. रात्री पेन ठेवलं कागदावर. आत्ता बघितलं, जागा मोकळीच.
काल विचारलं, परत आले तर हाक मारू का तुला?
'नको. मी ऐकेन.'
थंडी आहे. शाल आणायला उठावं तर आवाज होईल.
सहा दहा. गेट वाजलं. दूधवाला नाही, तो मागून येतो. फटीतून दिसतात, दोघं आहेत, पायांत बूट. दिवा चालू आहे पण गळ्यातलं दिसत नाही इथून. कडी वाजवली.
मी गप्प बसले आहे. हाक मारणार नाही म्हटलं तर नाही.
परत वाजवली.
आत खाट करकरली. कूस बदलली की उठली ते