पिवळ्यावर पांढरं

प्रिय बाबा,

फोनवर तुमचा आवाज ऐकला की माझं बोलणं 'जेवलात का, गोळ्या घेतल्या का' याच्या पुढे सरकत नाही, म्हणून लिहायला बसले. हे वाचून आईवर चिडू नका. तिची चूक एवढीच की ती खरं बोलून गेली.

इथे प्रवेशाची धांदल आहे. विद्यापीठाच्या मार्गदर्शन खोलीत सकाळपासून आईबाप मुलांना घेऊन येतात. मुलं गप्प, बापच बोलतात. प्रश्न ठरलेला: आपल्या राज्याचं हे सरकारी विद्यापीठ बरं, की कित्येक पट फीचं खासगी कॉलेज? मी दोन्ही बाजू सांगते. इथे वर्ग खचाखच, प्रयोगशाळेत एका सूक्ष्मदर्शकावर चार डोकी, पण शिकवणारे विषयात मुरलेले. तिथे सगळं चकचकीत, प्रत्येकाला वेगळं यंत्र, पण नंतर कर्ज मानगुटीवर बसतं. आणि शेवटी मी माझी गोष्ट सांगते. सांगत होते, असं म्हणायला हवं. मलाही दोन्हीकडे प्रवेश मिळाला होता, खासगीत निम्मी फी माफसुद्धा होती, तरी मी माझ्या मनाने इथे आले. कारण आमच्या घरात बाप हुकूम सोडत नाही, पाट्या टांगतो. शेजारच्या टेबलावरचे कारकून म्हणायचे, "सुरू झालं हिचं पाट्यापुराण." मला त्याचाही अभिमान वाटायचा.

आपल्या घरची रीतच ती. दुकानाची पाटी रंगवून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचं ठरेना की तुम्ही दोन नमुने रंगवून भिंतीवर टांगायचात आणि म्हणायचात, "आठ दिवस जाता-येता बघा, डोळ्याला खुपणार नाही ती आपली." मग ते घरातही आलं. खोली भाड्याने द्यायची की दुकान वाढवायचं, लावा दोन पाट्या. आई म्हणायची, "माझ्या लग्नाच्या वेळी कुणी दुसरी पाटी टांगलीच नाही, नाहीतर बघितलं असतं." तुम्ही ब्रश धुता धुता हसायचात.

माझ्या वेळी दोन्ही पाट्यांवर कॉलेजाच्या नावाखाली माझं नाव होतं. विद्यापीठाची गडद निळी, त्यावर सायीच्या रंगाची अक्षरं, बारीक किनार. खासगीची पिवळी, आणि त्यावर पांढरी अक्षरं. बाबा, रंगाचे डबे ढवळत मी लहानाची मोठी झाले. पिवळ्यावर पांढरं रस्त्यापलीकडून दिसत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. तरी ती पाटी बघून मला काय वाटलं सांगू? तुमची नजर कमजोर झाली. तुम्ही मुद्दाम वाईट काम कराल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. एका औषधवाल्याच्या पाटीवर वेलांटी जरा तिरकी गेली म्हणून अख्खी पाटी खरवडून काढणारा माणूस तुम्ही. मी मनात म्हटलं, या माणसाने आमच्यासाठी डोळे झिजवले, आता त्याच्यावर आणखी ओझं कशाला. आणि आठ दिवस ती फिकट पाटी बघून ते कॉलेजही मला फिकट दिसायला लागलं. मी येऊन सांगितलं, "बाबा, निळी." तुम्ही डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "तुझं तू ठरवलंस, बरं झालं."

नोकरी लागल्यावर मी तुम्हाला आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, आठवतं? ते म्हणाले, नजर लख्ख आहे. बाहेर पडताना तुम्ही हसत होतात. मला वाटलं, सुटल्याचा आनंद आहे.

परवा आईचा फोन आला, धाकट्याच्या प्रवेशावरून. म्हणाली, "तुझ्या भावापुढे यांनी हात टेकले बाई. त्याला पाटीचं काही सोयरसुतकच नाही. म्हणतो, पिवळी पाटी भंगार आहे, पण कॉलेज मस्त आहे. तू बरी होतीस, यांनी नको असलेली पाटी फिकट काढली की उमजायचीस." आणि घाईघाईने तिने विषयच बदलला, "तिकडे ऊन फार आहे का गं?"

विद्यापीठाबद्दल माझी तक्रार नाही. मला इथे जे मिळालं ते कदाचित तिथे मिळालंही नसतं. 'पोरी, ती फी मला झेपत नाही' एवढं म्हणाला असतात तर मी दोन दिवस रडले असते आणि इथेच आले असते, पण तुमच्या अडचणीची वाटेकरीण म्हणून. तुम्ही मला गिऱ्हाईक केलंत. आणि मी इतकी वर्षं तोच माल दुसऱ्यांच्या मुलींना विकत बसले. काल शिवणकाम करणाऱ्या एका बाईची मुलगी आली होती. माझ्याच वयाची, म्हणजे माझ्या तेव्हाच्या. तिने विचारलं, "ताई, तुम्हाला कोणीच भरीला घातलं नव्हतं?" मी तिला पाणी दिलं आणि दुसऱ्या टेबलावर पाठवलं.

आणि आज दुपारी तुमचा फोन. "रविवारी ये, धाकट्याला तुझी गोष्ट सांग, तुझं तो ऐकेल." ऐकेल, हे खरं आहे. म्हणूनच हे लिहिते आहे. मी येईन, पण ती गोष्ट मी यापुढे कुणालाच सांगणार नाही, त्याला तर नाहीच. मी यायच्या आत तुम्ही त्याला समोर बसवून सांगा, काय झेपतं, काय नाही. तो चिडेल, दार आपटेल, कदाचित कर्ज काढूनही जाईन म्हणेल. म्हणू दे, त्याचा तो हक्क आहे. तुम्ही सांगितलंत तर मी तुमच्या शेजारी बसेन आणि तुमचीच बाजू घेईन. नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल, आणि ते त्याने माझ्या तोंडून ऐकावं असं मला मनापासून वाटत नाही.

तुमच्यावर अजून रागावलेली, तरी तुमचीच,
थोरली